आशाताई कुठून आल्या: जामखेडच्या बायकांची मागची गोष्ट

आशाताईंचा, म्हणजे गावोगावी घरी जाऊन सरकारी आरोग्याची कामं करणाऱ्या बायकांचा संप सुरू झाला की दरवेळी एक प्रश्न कानावर येतो, ह्या बायका नेमकं करतात काय आणि हे पद आलं कुठून. विचारणारे वाईट हेतूनं विचारत नाहीत, त्यांना खरंच माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ह्याचं मूळ दिल्लीच्या फायलीत शोधलं तर अर्धंच सापडतं, उरलेलं अर्धं नगर जिल्ह्याच्या पार टोकाला जामखेडमध्ये आहे, आणि तिथून पुढं गडचिरोलीत.

जामखेड म्हटलं की डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ही नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण त्या भागात फिरलेल्या कुणालाही विचारा, काम उभं राहिलं ते गावोगावच्या बायकांच्या जिवावर, ज्यांच्यातल्या कित्येकींना सही करता येत नव्हती. मला लिहायचंय ते ह्या स्टाफबद्दल, कारण आरोग्य आणि शिक्षण अशी दोन खाती जामखेडला कधी वेगळी नव्हतीच, बायकांना शिकवणं हाच तिथला दवाखाना होता असं म्हटलं तरी चालेल.

आधी आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९६० मध्ये लग्न केलं आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं. नंतर नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढली. तिथं त्यांच्या लक्षात जे आलं ते पुढच्या सगळ्याचं कारण आहे. ओपीडी रोज भरलेली, ऑपरेशनं चालू, लोक बरे होऊन घरी जातायत, आणि दोन महिन्यांनी तेच मूल त्याच जुलाबानं परत येतंय. बहुतेक आजार असे की ते होऊच द्यायला नको होते, पाणी चांगलं असतं, पोटाला असतं, बाळंतपणात कुणी हात धुतले असते तर ते पेशंट आलेच नसते. हॉस्पिटल कितीही मोठं केलं तरी ह्याला पुरणार नाही हे कळल्यावर दोघं अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, तिथं कार्ल टेलर हे त्यांचे गुरू. आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला काम सुरू केलं. संस्थेचं नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट, पण त्या भागात कोणी ते नाव घेत नाही, आरोळ्यांचा दवाखाना म्हटलं की झालं.

तेव्हाचं जामखेड म्हणजे पक्का दुष्काळी पट्टा. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा त्या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागं १७६ मुलं वर्षाच्या आत जात होती. हा आकडा नुसता वाचू नका, आपल्या आजी-पणजीला आठवा. किती झाली आणि किती राहिली असं विचारायची पद्धत होती आपल्याकडं, मुलं किती असं नाही. माझी आजी आष्टी तालुक्यातली, तिच्याकडून ऐकलंय की गरोदर बाईनं पोटभर जेवायचं नाही, मूल मोठं झालं तर अडेल. बाळ झालं की पहिला चीक पिळून टाकायचा, आईचं दूध तिसऱ्या दिवसापासून, तोवर गुळाच्या पाण्याचा बोळा. नाळ कापायला घरात जो विळा असेल तो. आणि मग आठव्या-दहाव्या दिवशी बाळ आकडी येऊन गेलं की बाहेरचं काहीतरी लागलं म्हणायचं. तो धनुर्वात होता, हे त्या बायकांना कोण सांगणार?

तर सांगायला माणूस कोण, हाच खरा प्रश्न होता, आणि आरोळ्यांचं पहिलं उत्तर चुकलं. मला ह्या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ठरवलं गावोगावी शिकलेली नर्स ठेवायची, एएनएम, म्हणजे बाळंतपणाचंही शिक्षण घेतलेली नर्स. कागदावर एकदम बरोबर. प्रत्यक्षात तरण्याताठ्या, बहुतेक लग्न न झालेल्या मुली, अनोळखी गावात एकट्या, रात्री भीती, आणि गावातल्या चार पोरं झालेल्या बायका तिचं ऐकणार कशाला, तुला बाई काय माहीत बाळंतपणातलं. नर्स जीव तोडून सांगायची आणि बायका मान हलवून घरी जाऊन सासू म्हणेल तेच करायच्या. बरं, नर्सची तरी काय चूक, तिचं शिक्षण हॉस्पिटलमधलं, गावातल्या चुलीपुढं बसून बोलायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग विचार उलटा फिरला. ऐकतील ते गावातल्याच बाईचं ऐकतील, तर तिलाच शिकवा. आणि बाई निवडायची गावानं, दवाखान्यानं नाही. लग्न झालेली, स्वतःची पोरं वाढवलेली, गावात राहणारी, लोकांसाठी काही करायची इच्छा असलेली. शिक्षणाची अट नाही. अशा ज्या बायका पुढं आल्या त्यातल्या खूपशा दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही रोज मार खाणाऱ्या, काही शेतमजूर. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याच बाईनं आता पाटलाच्या सुनेचं पोट तपासायचं होतं. ते एका दिवसात झालं नाही, वर्षं गेली त्यात.

ट्रेनिंग म्हणजे काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लोकांना वाटतं पंधरा दिवसांचा कोर्स केला, सर्टिफिकेट दिलं, झालं. तसं नव्हतं. आठवड्यातून एकदा ह्या बायका जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, आणि शिकणं हे कधी संपायचंच नाही, वर्षानुवर्षं तेच चालू. सुरुवात कुठल्याही आजारापासून नव्हती, स्वतःपासून होती. नाव काय तुझं विचारलं तर बाई अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगायची, स्वतःचं नाव मोठ्यानं चारचौघात घ्यायलाच लाज. ते नाव घेता येणं हा पहिला धडा. मग सगळ्या जातीच्या बायकांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, ज्यांनी जन्मात दुसरीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं त्यांनी शेजारी झोपायचं. त्याच्यानंतर मग गरोदरपण, वजन, लसी, जुलाब, खरूज, डोळे.

शिकवायची रीतही साधी. आठवड्यात गावात काय घडलं ते प्रत्येकीनं सांगायचं, कोणाचं मूल गेलं, का गेलं, काय करता आलं असतं, ह्याच्यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं, डॉक्टर त्यात बसलेले. बाईला लिहिता येत नाही म्हणून अडलं नाही, चित्रं होती, गाणी होती, आणि पाठांतर तर आपल्या बायकांचं काय विचारता, जात्यावरच्या शंभर ओव्या ज्यांना तोंडपाठ त्यांना पाणी, मीठ, साखरेचं प्रमाण कितीसं जड. शिकलं की परत जाऊन त्याच आठवड्यात करून बघायचं, पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगायचं. कोणा लेक्चरर बाईंना जमलं नसतं इतकं चोख शिक्षण आहे हे.

१९७२ चा दुष्काळ ह्याच काळातला. तेव्हा गावात जाऊन आरोग्याचं काही सांगायला गेलं तर लोक म्हणणार आधी पाणी द्या, खायला द्या, आणि ते बरोबरच म्हणणार. म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांसाठी गावातच अन्न शिजवायला सुरुवात झाली, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत. आणि हातपंप. बोअर कुठं घ्यायचं हे ठरवताना ते जाणूनबुजून दलित वस्तीत घेतलं गेलं, म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावानं तिकडं यायचं. पाणी स्वच्छ झालं, जुलाब कमी झाले हे आहेच, पण त्या पंपावर रोज सकाळी कोण कोणाच्या हंड्याला शिवतंय हा हिशोब आपोआप विसरायला लागला. भाषणानं झालं नसतं हे. ह्या कामाला पुरुषही लागले, गावागावात शेतकऱ्यांची मंडळं झाली, नंतर महिला मंडळं, झाडं लावली, बांधबंदिस्ती केली. आरोग्य कार्यकर्ती एकटी कधीच नव्हती, तिच्या मागं हे मंडळ असायचं.

आता बाकीचा स्टाफ, ह्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. सुरुवातीला ज्या नर्सेस गावात अडकल्या होत्या त्या फिरत्या टीममध्ये आल्या, म्हणजे गाडी गावोगावी जायची, तिच्यात नर्स, सामाजिक कार्यकर्ता, लागेल तेव्हा डॉक्टर, आणि जे गावातल्या बाईला झेपणार नाही तेवढंच त्यांनी बघायचं. ह्याच्यात डॉक्टर आणि नर्स लोकांना आपला तोरा खाली ठेवावा लागला, कारण गावात गेल्यावर आधी त्या बाईला विचारायचं, तिच्याकडं माहिती असायची, कोण गरोदर आहे, कोणाला किती महिने झाले, कोणाच्या घरात खोकला आहे. कुष्ठरोगाचंही तसंच. वेगळी वसाहत नाही, वेगळा दिवस नाही, बाकीच्या पेशंटबरोबरच तपासणी, आणि गावातली बाई अंगावरचा चट्टा सुरुवातीलाच ओळखून घेऊन यायची. कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉपही तिथं उभं राहिलं आणि पाय बनवणारे कारागीर आसपासचेच. ह्यातल्या कुणाच्या नावानं पुरस्कार नाही. पण पाय बसवलेला माणूस चालत घरी गेला तो ह्यांच्या हातानं.

आकडे सांगते, कारण त्याशिवाय लोकांना पटत नाही. १७६ वरचा तो बालमृत्यूदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. पाच-सहा वर्षांत. नव्वदच्या दशकात तो २६ पर्यंत उतरला. मोठी मशिनं आली म्हणून नाही, गावागावात एक बाई होती म्हणून.

जगाचं लक्ष गेलंच मग. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांच्या हातानं चालणाऱ्या आरोग्यसेवेची जगभरातली उदाहरणं एकत्र छापली त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये अल्मा आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत सर्वांसाठी आरोग्य ही घोषणा झाली तेव्हा डोळ्यापुढं जी चार-दोन कामं होती त्यात हे एक. १९७९ ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रजनीकांत आरोळ्यांना १९९० मध्ये पद्मभूषण. पण मला ह्या सगळ्यापेक्षा १९८८ मधला एक प्रसंग मोठा वाटतो. जामखेडच्या मुक्ताबाई पोळ, गावची आरोग्य कार्यकर्ती, वॉशिंग्टनला आरोग्यावरच्या मोठ्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. हॉल झुंबरांनी लखलखलेला. त्या म्हणाल्या की ही झुंबरं फार सुंदर आहेत पण ती बघायला हजारो मैल यावं लागतं, डॉक्टर लोक अशा झुंबरांसारखे. आणि मग पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला, आणि त्यावरनं दुसरा पेटवला. हे झुंबराला जमत नाही, म्हणाल्या. मी हा प्रसंग कितीतरी वेळा वाचलाय आणि दरवेळी अंगावर काटा येतो, कारण हे वाक्य कुठल्या सल्लागारानं लिहून दिलेलं नाही, रॉकेलच्या दिव्यात आयुष्य काढलेल्या बाईलाच ते सुचणार.

नंतर तर देशोदेशीचे डॉक्टर, नर्स, सरकारी अधिकारी जामखेडला शिकायला यायला लागले आणि त्यांना शिकवणाऱ्या ह्याच बायका. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये, पुढची पिढी काम बघतेय.

त्याच सत्तरच्या दशकात डॉ. नोशीर अंतिया, जे. जे. हॉस्पिटलचे नावाजलेले प्लास्टिक सर्जन, अलिबागजवळ मांडव्याला गावच्या बायकांना घेऊन हाच प्रयोग करत होते. तोही चांगला चालला आणि नंतर स्थानिक राजकारणात बंद पडला. गावातली साधी बाई शहाणी झाली की कोणाकोणाला त्रास होतो हे मांडव्यानं दाखवलं.

सरकारनं ह्यातून काय घेतलं? २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर योजना आली, हजार वस्तीमागं एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिने ट्रेनिंग, महिन्याला ५० रुपये. कल्पना तीच. पण निवडले गेले बहुतांशी पुरुष, आणि निवड बऱ्याच ठिकाणी गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीनं. आता सांगा, बाळंतिणीच्या खोलीत तो काय करणार? आणि ट्रेनिंग एकदाच, परत कोणी विचारत नाही. योजना हळूहळू विझत गेली. जामखेडचं जे बाहेरून दिसतं ते उचललं, आतलं राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गडचिरोलीत मात्र ते आतलं नीट उचललं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, हेही जॉन्स हॉपकिन्सला कार्ल टेलर यांच्याच हाताखाली शिकलेले, १९८६ मध्ये तिथं गेले आणि त्यांची सर्च ही संस्था सुरू झाली. तिथली एक वस्तू मला फार आवडते. न्युमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मोजावे लागतात, मिनिटाला पन्नास-साठ, आणि गावच्या दायांना एवढं मोजता येत नव्हतं. तर त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी बनवली. वाळूचं मिनिटभराचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लहान बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यासाठी वेगळी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्युमोनिया, औषध सुरू करायचं. बाईला मोजता येत नाही म्हणून बाईला नापास करण्याऐवजी मोजण्याची पद्धतच बदलली.

पुढं १९९५ पासून ३९ गावांमध्ये आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला लागल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळाचं वजन, ताप, थंड पडलेल्या बाळाला ऊब द्यायची झोळी, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास द्यायचं साधन, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन. इंजेक्शन म्हटल्यावर तज्ज्ञ मंडळी हादरली होती. पण तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले आणि १९९९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मग महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी करून बघितलं, तिथंही जमलं.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आली. ह्यावेळी ठरलं की बाईच हवी, त्याच गावची सून किंवा विवाहित, विधवा, परित्यक्ता, साधारण २५ ते ४५ वयाची. वाचताना जामखेडची यादीच समोर येते. २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळ बघायचं कामही आशाकडं आलं, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात, आणि ह्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. कोविडमध्ये लोक दार उघडत नव्हते तेव्हा हातात थर्मल गन घेऊन दारोदार फिरल्या त्या ह्याच, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

आता मानधनाचं. काहीजण म्हणतात जामखेडच्या बायका तर पगाराशिवाय सेवा करायच्या, मग ह्यांना काय झालं. हे ऐकून मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. जामखेडच्या बाईला आठवड्याला एकत्र बसायला मैत्रिणी होत्या, अडलं तर शेजारी बसणारा डॉक्टर होता, स्वतःचा छोटा धंदा करायला कर्ज आणि ट्रेनिंग होतं, आणि आज काय काम करायचं हे तिच्या गावाच्या गरजेवरून ठरायचं. आशाताईला वरनं यादी येते. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्व्हे, आयुष्मान कार्ड, मोबाईलवर फोटो, आणि प्रत्येक कामाचा वेगळा मोबदला, तोही कधी महिने-महिने रखडलेला. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. स्वयंसेवक म्हणायचं तर काम तेवढंच द्या, आणि कर्मचाऱ्याचं काम द्यायचं तर कर्मचारी म्हणा. २०२१ च्या जूनमध्ये आणि परत २०२३ च्या शेवटाला आपल्याकडच्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या त्या ह्याचसाठी.

आमच्या गावच्या आशाताईला मी मागच्या दिवाळीत विचारलं, ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त काय कामाला आलं. तिनं पिशवीतनं घड्याळ काढलं आणि बाळाचे श्वास कसे मोजायचे ते माझ्या भाच्यावर करून दाखवलं, अंगडं वर करून, पोटाकडं बघत, ओठ हलवत. मोजून झाल्यावर म्हणाली, परत शिकवायला कोणी बोलवतच नाही हो ताई, मीटिंगला बोलवतात ते फॉर्म घेऊन या म्हणून.